दोरा ओवतानाचा फोटो

हिरा,

"सरका, उजेड अडवताय."

माज्याशी तुजं शेवटचं बोलणं हे. नंतर एकदा "पाणी" म्हणालीस, पण ते सुनेला. माज्या वाट्याला एवढंच आलं.

दुपारची वेळ होती. तू ओटीवर गोणपाट टाकून बसलेली, मांडीवर शेजारच्या शेवंताचा हिरवा ब्लाउज, गळ्याची तुरपाई चाललेली. सुईत दोरा मीच ओवून दिला होता. दोन वर्षं तो मीच ओवत होतो. तुला नेढं दिसत नव्हतं, आणि दिसत नाय हे तू कबूल करत नव्हतीस. म्हणायचीस, "आताच्या सुयाच बारीक काढतात मेल्या." ओवून झाल्यावर मी दारात उभा राहिलो आणि विचारलं, वाल भिजत घालू का. तू मान पण वर केली नायस. सरका म्हणालीस. मी पुटपुटत सरकलो, वाल भिजत घातले. ते वाल दुसऱ्या दिवशी कोणी सोलले नायत. त्यांना मोड आले, लांब मोड आले, मग वास सुटला, मग सुनेनं गोठ्यामागं नेऊन टाकले.

तू कशी गेलीस, किती वाजता, कोण आलं आणि कोण नाय आलं, हे सगळं गावाला ठाऊक आहे. ते लिहीत नाय. मी चौथी शिकलेला माणूस, चार ओळी लिहिल्या का बोटं आखडतात. आपलं जे भांडण अर्धं राहिलंय तेवढं लिहितो.

बाराव्याच्या सकाळी सुरेशनं तुजा फोटो आणला. शहापूरच्या स्टुडिओत करून घेतलेला, वर काच, सोनेरी पट्टीची चौकट. पोरानं धावपळ केली होती, त्याला मी नावं ठेवत नाय. कागद सोडला आणि फोटो पाटावर ठेवला. तोंड तुजं होतं, मतदानाच्या जुन्या कार्डावरचं, मोठं केलेलं आणि दोन हात चुना मारल्यागत उजळ केलेलं. पण मानेखाली तू नव्हतीस. मानेखाली दुसरीच कोण बाई होती. जांभळी रेशमी साडी, गळ्यात तीन पदरी हार. ती कोणाची कोण, देव जाणे.

बाया म्हणाल्या, "किती गोड दिसते गो, राणीवानी."

मी ब्लाउज बघत होतो. डाव्या खांद्यावरनं उतरलेला. बाहीला चुणी. मुंढा, म्हणजे बाही जिथं बगलेला जोडतात तो गोल, इतका मोठा कापलेला का त्यातनं उंदीर जाईल.

"सुरेश, हा ब्लाउज तुज्या आयचा नाय."

"बाबा, तो कॉम्प्युटरवर बसवतात. सगळ्यांचे तसेच करतात."

"खांद्यावरनं पडतोय."

"फोटोत ब्लाउज कोण बघतं, बाबा?"

"तुजी आय बघायची."

त्यानं तोंड वाकडं केलं. मी मागल्या पडवीत जाऊन बसलो. शेवंता चहा घेऊन मागनं आली. आजूबाजूला कोण नाय असं बघून माज्या कानाशी म्हणाली, "भाऊ, मुंडकं हिराचं. धड कोणाचं हो?"

मला हसू आलं. तिलाही आलं. बाराव्याला हसायचं कसं म्हणून दोघांनी तोंडाला कप लावले. का हसलो ते तुला कळलं असतं, बाकी कोणाला कळणार नाय.

मुरबाडचा तो लग्नात फोटो काढणारा आठवतो? त्यानं नवीन कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला, दोन गोणी भातावर. तू म्हणालीस, "गिरणीत भात कांडणारा माणूस, त्याला कॅमेरा कशाला?" मग रात्रभर विचार केलास आणि सकाळी तूच म्हणालीस, आपण फॅशनचं बुक करू. तुज्याकडं शिवायला येणाऱ्या बाया मुंबईचं बुक चाळायच्या, त्यात सगळ्या गोऱ्या आणि काठीसारख्या बाया. आपली बाई बोट ठेवायची, "मला असा," आणि शिवून अंगात घातला का आरशात बघून रडवेली व्हायची. तू म्हणालीस, "आपल्याच बायांचे फोटो लावू. काळ्या हायत, जाड्या हायत, पण खऱ्या हायत. म्हंजे जिला तिला कळेल आपल्या अंगावर काय बसतं."

डोकं तुजं होतं. हात माजे होते, ते गिरणीवाल्याचे.

पहिल्या रोलात तू सांगितलंस, "ब्लाउज नीट येऊद्या." मी ब्लाउज नीट आणला. आपल्या सापगावच्या बारा बाया उभ्या केल्या, आणि सगळ्यांचे फोटो गळ्यापासनं कमरेपर्यंत काढले. बुक ब्लाउजचं, तोंडाचं काम काय? आठ दिवसांनी रोल धुवून आला. बाया नटून फोटो बघायला आल्या. तू पाकीट उघडलंस आणि तसंच मिटलंस.

"आमची डोकी कुठं हायत?" शेवंतानं विचारलं.

तिची सासू तवा जिती होती. ती काठी घेऊन आली. "मुंडकं उडवलंस काय रे माज्या सुनेचं? जितीजागती बाई, तिचं मुंडकं नाय फोटोत! काय वाईट झालं म्हंजे?" बारा घरांत बोभाटा. कोणी नारळ उतरवून टाकला, कोणी मीठमिरची. मी चिडून म्हणालो, अडाणी बाया, यांना फोटोतलं काय कळतं. तू त्यांची बाजू घेतलीस. सगळ्यांसमोर. म्हणालीस, "बरोबर बोलतायत त्या. ज्याचं डोकं त्याच्या धडावर पायजे." आणि मला परत बारा दारांत कॅमेरा घेऊन हिंडवलंस.

दुसऱ्या वेळेला डोकी आली, पण बाकीचं बिघडलं. बाया रेशनकार्डावर असतात तशा उभ्या राहायच्या, हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी छातीत. मी ओरडायचो, हनुवटी वर, खांदे मागं, हसा. हसा म्हटलं का पदर तोंडावर. एकीनं कॅलेंडरवरच्या बाईसारखा हात कमरेवर ठेवला आणि मान अशी वाकडी केली का मला वाटलं उसण भरली. मी उभ्यानं, वरनं फोटो काढायचो, म्हणून सगळ्या बुटक्या आल्या. गळ्याखाली सावली आली, ती दाढीसारखी दिसायची.

रोल आला का तू एकेक फोटो दारातल्या उजेडात धरायचीस. मी समोर बसून तुज्या तोंडाकडं बघायचो, दहावीचा निकाल लागल्यागत. तू कधी "छान" म्हणाली नायस. "हिची बाही बघा, दंडात रुतलीय." "हिला वाकवलंत कशाला?" "ह्यात काखेत ओढ बसलीय." झालं, माजं डोकं फिरायचं. तू फोटोला नावं ठेवतेस असंच मला वाटायचं. मी म्हणायचो, "बाही तुजी वाकडी, कॅमेरा माजा सरळ हाय." तू म्हणायचीस, "कॅमेरा सरळ हाय, माणूस वाकडा हाय." मग दोन दिवस बोलणं बंद. चांगले चार-पाच फोटो बुकात लागायचे, वाईट फोटो तू उचलून घ्यायचीस. मला वाटायचं, पुढच्या भांडणाला दारूगोळा म्हणून साठवतेस.

कपडा वाईट का फोटो वाईट, हे भांडण आपण किती वर्षं केलं असेल? मी मोजलं नाय. सुरेश शाळेत होता तवा सुरू झालं. तो कामाला लागला तरी संपलं नव्हतं.

शेणव्याच्या कल्पनाची गोष्ट. तिचा तू शिवलेला पंजाबी ड्रेस, गुलाबी. तिच्या आईला वाटलं, ड्रेसमधला फोटो चांगला येईल, तोच पाव्हण्यांना दाखवायला पाठवू. मी मनापासनं काढला. पोरीला तिरकी उभी केली, एक पाय दगडावर, मान मागं फिरवून. मला वाटलं, फॅशन. पाव्हण्यांनी फोटो परत पाठवला. पोरीच्या मानेला काय दोष हाय का, असं विचारलं म्हणे.

तिची आई सापगावपर्यंत चालत आली. ओटीवर चढली नाय, अंगणातनंच सुरू झाली. "तुमच्या फोटोनं माज्या पोरीचं जमणारं मोडलं. फोटोवाले म्हणवतात सवताला! गिरणीत जाऊन पोती उचला."

मी उत्तर द्यायला उठलो. तू माजा सदरा मागनं धरलास. तिला पाणी दिलंस आणि म्हणालीस, "बरोबर बोलता तुमी. उद्या आमी येतो."

त्या रात्री मी तुला किती बोललो. बायको असून बाहेरच्यांपुढं खाली बघायला लावतेस, असं म्हणालो. तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "आपण चुकलो ते ती दारात येऊन सांगून गेली. नसती आली तर गावभर सांगत हिंडली असती. पाणी द्यायला नको?"

दुसऱ्या दिवशी शेणव्याला गेलो. तू सोबत पांढरी चादर घेतलीस, का ते मला कळलं नाय. पोर घाबरलेली. मी परत हनुवटी, खांदे सुरू केलं, तर तू म्हणालीस, "तुमी गप बसा जरा." कल्पनाला सुपात तांदूळ दिलेस निवडायला. केस नीट करायला लावलेस, ओढणी सारखी केलीस. आणि तिच्याशी बोलत बसलीस, ड्रेसच्या लेसबद्दल, आणखी कशाकशाबद्दल. चादर उन्हाच्या बाजूला धरलीस, तिच्या तोंडावरची काळी सावली गेली. पोर खडा शोधता शोधता हसली. मी बटण दाबलं. तेवढा एकच फोटो. तिचं त्याच मोसमात जमलं. फोटोनं जमलं असं मी म्हणत नाय, पण कल्पनाच्या आईनं भोपळा आणून दिला, तो आपण खाल्ला.

परत येताना रस्त्यात मी म्हणालो, "वाकलेली असून चांगली कशी आली?"

तू म्हणालीस, "उभं राहून कोण जगतं हो? आमच्या बाया जल्मभर वाकलेल्याच. लावणी करताना वाकलेल्या, हंडा उचलताना वाकलेल्या. मी शिवते तेपण उभ्या बाईसाठी नाय शिवत."

हे वाक्य मी ऐकलं, पण अर्धंच ऐकलं. मला वाटलं, तू फोटोची युक्ती सांगितलीस. कामात असलेल्या बाईचा फोटो चांगला येतो, एवढंच मी गाठीला बांधलं. म्हणून पुढचं झालं.

त्या रोलात एक फोटो उरला होता. तू मशीनपाशी खाली वाकून बसलेली, दोरा जिभेवर ओला केलेला, एक डोळा मिटलेला, गाल आत ओढलेले, ब्लाउज पाठीवर चढलेला. मी काही न बोलता बटण दाबलं. तुला पत्ता नाय. रोल धुवून आला, आणि माज्या हातनं एवढ्या वर्षांत एकच फोटो असा आला होता का ज्यात पापणीचा केसन् केस दिसत होता. मी तो मोठा करून आणला आणि आरशाच्या शेजारी भिंतीला चिकटवला.

बाया आल्या. शेवंता पहिली. "अगो हिरा, चिंच खाल्लीस का भूत बघितलंस?" बाकीच्या खिदळल्या. तू पण हसलीस त्यांच्यात. सगळ्या गेल्यावर तू तो फोटो चारी कोपऱ्यांनी सोडवलास, संध्याकाळपर्यंत मशीन चालवलीस, आणि जेवायला वाढताना म्हणालीस,

"कल्पनाला सांगितलं, केस नीट कर. शेवंताला सांगता, हनुवटी वर, खांदे मागं. मला?"

"तुला काय सांगायचं? तू काम करत होतीस."

"मला नाय सांगितलंत."

तिथं मी गप बसलो असतो तर? पण मी कधी गप बसलोय. म्हणालो, "सगळ्या जगाच्या फोटोंना नावं ठेवतेस, आणि सवतावर आलं का झोंबलं."

"झोंबलं," तू म्हणालीस. "झोंबलं तर झोंबलं."

"मग यापुढं तुजा फोटो काढीन तर बापाचं नाव सांगणार नाय."

"नका काढू."

संपलं. नंतर आपण हसलो, जेवलो, तुज्या माहेरी सिद्धगडाच्या पायथ्याला जत्रेला गेलो, सुरेशचं लग्न केलं. सगळं केलं. पण तू कॅमेऱ्यापुढं उभी राहिली नायस आणि मी राह म्हणालो नाय. सुरेशच्या लग्नात मी सवता दोन रोल काढले. एका फोटोत कडेला एक कोपर आलंय, ताट धरलेलं. ते तुजं. मी वळखतो. लग्नातल्या फोटोवाल्यानं घरच्यांना बोलावलं तवा तू पंगतीत वाढायला गेलीस. पुढं मोबाइल आले, नातवंडं फोटो काढायला लागली, तुजा पदर तोंडावर. लोकांना वाटायचं, म्हातारी लाजते. मला ठाऊक होतं का लाजत नाय.

एवढ्या वर्षांत मला एकदा म्हणायला काय झालं होतं, ये, बस, केस नीट कर? रोज सकाळी चहाला म्हणता आलं असतं. आज म्हणू, उद्या म्हणू. मग रोल मिळायचे बंद झाले, कॅमेरा माळ्यावर गेला, आणि मला बरं वाटलं, सुटलो म्हणून.

आणि तो फोटो मी मोठा का केला, हे पण सांगितलं नाय. तो फॅशनच्या बुकासाठी नव्हता. मला तू तशीच आवडायचीस. एक डोळा मिटून, जगाला विसरून. बायकोला तोंडावर असं सांगायची आपल्यात रीत नाय. म्हणून भिंतीला लावला. भिंतीला लावलं म्हणजे सांगितलं, असं मला वाटलं. तुला वाटलं, मी तुजं हसं केलं. दोन्ही खरं झालं, कारण बाया हसल्याच.

तर बाराव्याच्या दुपारी सुरेश मला म्हणाला, "हा नको तर दुसरा दाखवा ना, बाबा. हाय का घरात एकतरी?"

त्याचं खरं होतं. मी काय दाखवणार? तरी उठलो. मशीनचे खण उघडले. वरच्यात बॉबिनी, हुक, खडू. खालच्यात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. मला वाटलं बटणं असतील.

डब्यात माजे वाईट फोटो होते, हिरा. सगळे. बुटक्या आलेल्या, दाढीवाल्या, मान मोडलेल्या. बिनडोक्याच्या बारा बाया पण. उलटा करून बघतो तर प्रत्येकाच्या पाठीवर पेनसिलीनं तुजं गिचमिड अक्षर. "शेवंता. मुंढा तंग. पाव इंच सोड." "कल्पना. मान वळवल्यावर गळा फिरतो." "हात वर केला का खालनं उचलतो. पट्टी वाढव." एकाच्या पाठीवर नुसतं, "कापड वाया. माजी चूक."

मी तिथंच जमिनीवर बसलो. म्हणजे तू फोटोला नावं ठेवत नव्हतीस. तू सवताच्या शिवणाला नावं ठेवत होतीस. मी सरळ उभी केलेली बाई तुज्या कामाची नव्हती, तिच्या अंगावर कुठलाही ब्लाउज बसतो. माज्या हातनं वाकडी आलेली बाई तुला पायजे होती, कारण कुठं रुततंय आणि कुठं ओढतंय हे तिच्यातच दिसायचं. म्हणून तुज्या बाया लावणीला तुजे ब्लाउज घालून जायच्या आणि एकाची पण शिवण उसवली नाय. आणि मी इतकी वर्षं फुगून बसायचो. तू एकदा सांगायचं होतंस गो. का सांगितलं होतंस, आणि मी तेपण अर्धंच ऐकलं?

डब्याच्या तळाला तो होता. दोरा ओवतानाचा. चारी कोपरे फाटलेले, भिंतीचा चुना अजून चिकटलेला. पाठीवर लिहिलंय: "मी. वाकल्यावर पाठ चढते. अर्धा इंच लांबी."

बस, एवढंच. मी उजेडात धरून बघितला, आणखी काही खोडलंय का, पुसलंय का. काही नाय. आता मला सांग, हा तू अर्ध्या इंचासाठी ठेवलास का माज्यासाठी ठेवलास? रागानं ठेवला असतास तर फाडला असतास. तू फाडणारी होतीस, माजी विडी तू किती वेळा चुलीत घातलीस. पण नुसत्या मापासाठी ठेवला असतास तर माप घेतल्यावर टाकला असतास. का तू काहीच टाकत नव्हतीस, चिंध्या पण नाय, तसाच हा? बसून बसून डोकं दुखलं. याचं उत्तर द्यायला जी होती ती नाय. मी दमलो.

सुरेशला दाखवला. त्यानं बघितला, मग माज्याकडं बघितलं.

"हा लावणार? बाबा, आईचं तोंड बघा. लोक हसतील."

"आधी पण हसलेत."

"तिला आवडला नसता."

तिथं पोरानं बरोबर बोट ठेवलं. एकदा तुला न विचारता लावला, तू काढलास. आता परत न विचारता लावायचा म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा, आणि आता तर तुला काढता पण येणार नाय. मी संध्याकाळभर तो घेऊन बसलो. एका बाजूला तुजं डोकं आणि कोणाचं तरी धड. दुसऱ्या बाजूला सगळी तू, पण तुला झोंबलेली.

तर त्या रात्री तुलाच विचारलं. पंधरा वर्षं उशीर झाला, तरी विचारलं. हिरा, हा लावू? तवा मी सांगायला पायजे होतं, केस नीट कर, पदर सारखा कर, इकडं बघ. नाय सांगितलं. चुकलो. दारात येऊन कोणी सांगितल्यावर पाणी द्यावं, हे तू मला दाखवलंस, आणि तूच सांगितलंस तवा मी पाणी दिलं नाय, तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. सुरेश अजून झोपलेला. सोनेरी चौकटीतनं ती जांभळी साडी काढली, तुजं तोंड कातरीनं कापून देवाच्या पोथीत ठेवलं, बाकीची बाई चुलीत घातली. कोणाची का असेना, तिला हात जोडले. चौकटीत दोरा ओवतानाचा फोटो बसवला. फाटके कोपरे पट्टीखाली गेले.

बाहेरच्या खोलीत, पाव्हण्यांसमोर, लावला नाय. ओटीवर मशीनच्या वर लावला, शिवायला बसेल तिलाच दिसेल असा. खिळा मी ढिला ठोकलाय. तू येणार नायस हे मला कळतं, एवढा म्हातारचळ लागला नाय. तरी ढिला ठोकलाय.

तेवढ्यात शेवंता आली. "भाऊ, माजा ब्लाउज असेल तसा द्या. राह्यला तेवढा गळा मी मारून घेते." तू ठेवलेला तसाच होता घडी करून, सुई टोचलेली, मी ओवलेला दोरा वीतभर शिल्लक. ती गोणपाटावर बसली, तुज्याच जागेवर. घडी उलगडली आणि वर बघितलं तर समोर तू. मला वाटलं, आता काय बोलते.

"भाऊ," ती म्हणाली, "तवा मी हसायला नको होतं."

मी म्हणालो, "मी सांगायला पायजे होतं तिला."

मग ती खाली मान घालून टाके घालायला लागली. वीतभर दोरा लगेच संपला. तिनं सुई माज्यापुढं धरली. मी चष्मा पुसला, दोरा जिभेवर ओला केला, एक डोळा मिटला. तिसऱ्या वेळेला गेला. सुई तिला दिली आणि दारात उभा राहून तुज्याकडं बघत राहिलो. माजी सावली शेवंताच्या हातांवर, ब्लाउजवर, वर काचेवर पण पडली होती. ती डोळे बारीक करून टाका शोधत होती.

सरका असं कोणी म्हणालं नाय.

मी सरकलो.